‘पंधरा दिवस उलटले असं समजा’: लास कासासच्या मनपरिवर्तनाचं प्रकरण

मनपरिवर्तनाच्या साक्षी आपण ऐकतो तेव्हा त्यांचा एक क्रम ठरलेला असतो. दारू, जुगार, मारामाऱ्या, मग एक रात्र, एक वचन, डोळ्यांना लागलेल्या धारा आणि सकाळी उठलेला नवा माणूस. या साक्षी खऱ्या असतात, त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण इथे ज्याचं प्रकरण मांडतो आहे तो व्यसनी नव्हता, गुंडही नव्हता. तो धर्मगुरू होता. मिस्सा (भाकर आणि द्राक्षरस अर्पण करण्याची चर्चमधली उपासना) अर्पण करायचा, प्रवचनं द्यायचा, हाताखालच्या माणसांशी इतर मालकांपेक्षा बरा वागायचा. तरीही तो लुटीवर जगत होता, आणि हे त्याला तिशीच्या उंबरठ्यावर बायबलच्या चार-पाच ओळींनी दाखवून दिलं. त्याचं नाव बार्तोलोमे दे लास कासास. जागा क्युबा, साल १५१४.

त्याचा जन्म १४८४ साली स्पेनमधल्या सेव्हिलचा. वडील पेद्रो व्यापारी होते. १४९३ मध्ये कोलंबसच्या दुसऱ्या सफरीत ते गेले आणि १४९८ मध्ये परतताना त्यांनी बरोबर एक ताईनो (त्या कॅरिबियन बेटांवरच्या मूळ रहिवाशांपैकी) मुलगा आणला. आपल्याकडचा कोणी प्रवासाहून पोरासाठी काहीबाही घेऊन येतो, तसा तो मुलगा त्यांनी बार्तोलोमेच्या हवाली केला. दोन वर्षांनी राणी इसाबेलने असे आणलेले लोक परत पाठवण्याचा हुकूम काढला आणि मुलगा परत गेला. त्या दोन वर्षांत त्या दोघांत काय बोलणं झालं असेल, याचा विचार मी पुष्कळदा करतो. पुढच्या चौदा वर्षांवर मात्र त्याची सावली पडलेली दिसत नाही. १५०२ मध्ये नवा गव्हर्नर ओव्हांदो याच्या ताफ्यातून बार्तोलोमे स्वतः हिस्पॅनिओला बेटावर (आजचे हैती आणि डॉमिनिकन रिपब्लिक) उतरला तो नशीब काढायलाच. शेती केली, खाणींत माणसं लावली, ताईनो लोकांवरच्या स्वाऱ्यांतही तो होता.

तिथली व्यवस्था नीट समजून घेतल्याशिवाय हे प्रकरण कळत नाही. तिला एन्कोमिएंदा म्हणत. राजाच्या नावाने गव्हर्नर काही गावं, तिथल्या माणसांसकट, एखाद्या स्पॅनिशाकडे ‘सोपवायचा’. कागदावर तो त्यांचा पालक. त्याने त्यांना ख्रिस्ती धर्म शिकवायचा, सांभाळायचं. बदल्यात त्यांनी त्याच्यासाठी राबायचं. प्रत्यक्षात ही उघडउघड वेठ होती. पुरुष नदीच्या वाळूत सोनं चाळायला नेले जात, बायका शेतात जुंपलेल्या, मागे गावात पेरायला कोणी उरत नसे. १५१२ च्या बुर्गोसच्या कायद्यांनी खाणीत पाच महिने राबलेल्याला चाळीस दिवस सुटी दिली, आणि ती सुधारणा समजली गेली! जे सोनं निघे त्याचा पाचवा हिस्सा राजाचा.

माझ्या मते या प्रकरणाची मेख इथे आहे. चोराला आपण चोर आहोत हे माहीत असतं. ज्याच्या हातात ‘यांच्या आत्म्याचं तारण तुझ्याकडे सोपवलं आहे’ असा कागद आहे, त्याला ते कळायचं कसं? पाप धर्मकार्याच्या नावाखाली नोंदलेलं होतं. लास कासासला दीक्षा मिळाली आणि १५१० मध्ये त्याच बेटावरच्या ला व्हेगा इथे त्याने पहिली मिस्सा गायली. नव्या धर्मगुरूची अशी पहिली मिस्सा त्या भूमीवर त्याआधी झालेली नव्हती. तो हंगाम सोनं वितळवण्याचा होता. त्यासाठी आसपासचे सगळे मालक गावात जमलेले होते, त्यांनी या तरुण धर्मगुरूसाठी सोन्याच्या भेटी आणल्या. वेदीपुढे ठेवलेलं ते सोनं कुणाच्या हातांनी वाळूतून काढलं होतं, हा प्रश्न त्या दिवशी कुणाच्या मनाला शिवला नाही. त्याच्याही नाही.

इशारे मिळाले नाहीत असं नाही. तीन मिळाले, एकाहून एक मोठे.

पहिला १५११ च्या डिसेंबरात. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या, चौथ्या रविवारी हिस्पॅनिओलावरच्या सांतो दोमिंगोच्या चर्चमध्ये आंतोनियो दे मोंतेसिनोस नावाचा डॉमिनिकन संघाचा संन्यासी उभा राहिला. समोर कोलंबसचा मुलगा, गव्हर्नर दिएगो, आणि बेटावरचे सगळे बडे लोक. मोंतेसिनोसने विचारलं, ही माणसं नाहीत का? यांना आत्मा नाही का? स्वतःवर करता तसं यांच्यावर प्रेम करायला तुम्ही बांधलेले नाही का? संतापलेले लोक मठावर चालून गेले, पुढच्या रविवारी शब्द मागे घ्या म्हणाले. पुढच्या रविवारी तो आणखी कडक बोलला. आज ते प्रवचन आपल्यापर्यंत पोहोचलं आहे ते लास कासासने लिहून ठेवलं म्हणून. पण प्रवचन झालं तेव्हा तो त्याच बेटावर स्वतःच्या वाट्याची माणसं राबवत होता, आणि राबवत राहिला.

दुसरा इशारा जास्त जवळून आला. पापनिवेदनासाठी तो एका डॉमिनिकन फादरकडे गेला. फादरने पापक्षमा नाकारली. तुझ्याकडे इंडियन (तिथल्या मूळ रहिवाशांना स्पॅनिश लोक असं म्हणत) आहेत, म्हणून नाही. लास कासासने शिकलेल्या माणसाप्रमाणे वाद घातला, मुद्दे मांडले. फादरने थोडक्यात आटोपलं: सत्याला विरोधक नेहमीच पुष्कळ असतात आणि खोट्याला पाठीराखे. लास कासास त्या फादरबद्दल आदर बाळगून उठला, आणि इंडियन आपल्याकडेच ठेवून घरी गेला. ही नोंद त्याने स्वतःच केली आहे. आदर वाटणं आणि ऐकणं यांत किती अंतर असतं ते या एका ओळीत दिसतं.

तिसरा इशारा रक्ताचा होता. क्युबा जिंकायला निघालेल्या नार्व्हाएस या स्पॅनिश सरदाराच्या तुकडीबरोबर तो धर्मगुरू म्हणून गेला. काओनाओ गावाच्या वाटेवर कोरड्या नदीपात्रात सैनिकांना न्याहारी करताना धार लावायचे दगड सापडले आणि त्यांनी तलवारी परजून घेतल्या. संध्याकाळी गावात पोहोचले तेव्हा लोकांनी त्यांच्यासाठी कसावाच्या भाकरी आणि मासे तयार ठेवले होते. त्याच्या सांगण्यानुसार दोनेक हजार माणसं चौकात उकिडवी बसून घोड्यांकडे डोळे विस्फारून बघत होती. घोडा त्यांनी कधी पाहिलेला नव्हता. एकाने अचानक तलवार उपसली, मग सगळ्यांनी. कारण काहीच नव्हतं. आतडी बाहेर आलेला एक तरुण ती हातात धरून पळत सुटला, तो लास कासाससमोर आला. लास कासासने त्याला दोन शब्दांत श्रद्धेचं सांगितलं, बाप्तिस्मा हवा का विचारलं. तरुण रडत हो म्हणाला. बाप्तिस्मा झाला आणि तो तिथेच कोसळून मेला. नार्व्हाएस घोड्यावर स्थिर बसून बघत होता. त्याने विचारलं, आमच्या लोकांनी हे केलं त्याबद्दल आपलं काय म्हणणं? लास कासास म्हणाला, तुम्हाला आणि त्यांना सैतानाच्या हवाली करतो.

इतकं पाहिल्यावर, इतकं बोलल्यावर माणूस बदलेल असं आपल्याला वाटतं. तो बदलला नाही. मोहीम संपली, वाटणी झाली, आरिमाओ नदीच्या काठी त्याला आणि त्याचा मित्र पेद्रो दे रेंतेरिया याला मिळून चांगली एन्कोमिएंदा मिळाली. ज्या हाताने त्या तरुणाच्या डोक्यावर पाणी ओतलं त्याच हाताने त्याने ती घेतली. आपल्या इंडियनांपैकी काहींना खाणीत धाडलं, काहींना शेतात. म्हातारपणी स्वतःबद्दल तृतीयपुरुषात लिहिताना तो म्हणतो, की हा धर्मगुरू इतरांइतकाच आपल्या कमाईच्या मागे लागलेला होता. माणसांना पोटापाण्याचं नीट बघायचा, पण त्यांना धर्म शिकवणं आपलं काम आहे याचं त्यालाही भान नव्हतं, आंधळेपणात तो इतरांसारखाच होता. मला वाटतं काओनाओनेच त्याला उलट आंधळं केलं असावं. नार्व्हाएसच्या शेजारी उभा राहिलेला कुणीही भला दिसतो. कत्तल करणारे ते, आपण नाही, ही समजूत माणसाला वर्षानुवर्षं पुरते.

मग १५१४ चा पेन्टेकॉस्ट, पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण, आला. बेटावर धर्मगुरू मोजून दोन, त्यामुळे सणाचं प्रवचन त्याला द्यायचं होतं. जुनी प्रवचनं चाळता चाळता तो सिराकच्या पुस्तकातल्या ३४ व्या अध्यायाशी आला. (हे पुस्तक कॅथलिक बायबलमध्ये आहे, प्रोटेस्टंट बायबलमध्ये नाही, अनेक वाचकांना ओळखीचं नसेल.) तिथला आशय असा: अन्यायाने मिळवलेल्यातून केलेलं अर्पण डागाळलेलं असतं, देव ते स्वीकारत नाही. गरिबाच्या मालमत्तेतून यज्ञ करणारा बापाच्या डोळ्यांदेखत पोराला मारणाऱ्यासारखा. भाकरी हाच गरिबाचा जीव, ती हिरावणारा खुनी. मजुराची मजुरी बुडवणारा रक्त सांडतो.

हे वचन धर्मगुरूलाच का लागावं याचं उत्तर वचनातच आहे. ते मालकाला धरतंच, पण वेदीपाशी उभं राहून अर्पण करणाऱ्यालाही धरतं. लास कासास दोन्ही होता. ला व्हेगाचं सोनं, आरिमाओची शेतं आणि रोजच्या मिस्सेतली भाकर एका ओळीत येऊन उभी राहिली. ‘तू क्रूर आहेस’ असं कुणी म्हटलं असतं तर त्याच्याकडे उत्तर होतं, तो क्रूर नव्हता. ‘तुझं अर्पण नापसंत आहे’ याला त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

कुठला प्रकाश वगैरे पडला असं तो सांगत नाही. काही दिवस विचार करत राहिला एवढंच सांगतो. नियम एकीकडे, प्रत्यक्ष व्यवहार दुसरीकडे असं ताडून पाहत गेला. डॉमिनिकन फादरचं बोलणं आठवलं, मोंतेसिनोस आठवला. शेवटी निष्कर्ष असा निघाला, की इंडीजमध्ये, म्हणजे स्पेनने अमेरिकेत बळकावलेल्या मुलखात, या लोकांशी जे जे चाललं आहे ते सगळं अन्यायाचं आणि जुलमाचं आहे. त्यानंतर लॅटिन असो की स्पॅनिश, जे पुस्तक उघडलं त्यात याच बाजूची कारणं सापडत गेली, असं त्याने लिहिलं आहे. म्हणजे पुराव्यांची कमतरता आधीही नव्हती.

आता खरी अडचण. आपल्याकडची माणसं सोडायची तर ती मोकळी होणार नव्हती. गव्हर्नर ती दुसऱ्या मालकाला देणार, आणि तो मालक त्यांना मरेपर्यंत राबवणार, हे लास कासासला पक्कं माहीत होतं. स्वतःकडे ठेवली असती तर त्याने त्यांना पोटच्या पोरांसारखं सांभाळलं असतं. मग ठेवणंच बरं नाही का? हा प्रश्न मला या प्रकरणात सगळ्यात जास्त छळतो, कारण अन्यायातून बाहेर पडू पाहणाऱ्या प्रत्येक भल्या माणसाला हाच युक्तिवाद अडवतो: मी सोडलं तर माझ्यापेक्षा वाईट माणूस येईल. लास कासासने दुसऱ्या पारड्यात एकच गोष्ट टाकली. मी माणसं ठेवून प्रवचन दिलं तर लोक म्हणतील, तुझ्याकडेही आहेतच की! मग माझा शब्द कोण ऐकणार? आपल्या वाट्याच्या थोड्या माणसांच्या हिताची किंमत देऊन त्याने सगळ्यांसाठी बोलण्याचा हक्क मिळवला. हा हिशेब बरोबर होता असं मी मानतो. पण ती किंमत त्याने एकट्याने मोजली नाही. आरिमाओच्या त्या माणसांनीही मोजली, आणि त्यांना कुणी विचारलेलं नव्हतं.

तो क्युबाचा गव्हर्नर दिएगो वेलास्केस याच्याकडे गेला आणि म्हणाला, माझे इंडियन परत घ्या. वेलास्केस चक्रावला. धर्मगुरू सज्जन आहे, चार पैसे गाठीला बांधतो आहे, आणि हे काय डोक्यात घेतलंय? त्याने आपलेपणानेच सांगितलं, पंधरा दिवस विचार करा, मग या. लास कासास म्हणाला, पंधरा दिवस उलटले असं समजा. आणि उद्या मला पस्तावा होऊन मी रक्ताचे अश्रू ढाळत माणसं परत मागायला आलो, आणि माझ्यावरच्या लोभापायी तुम्ही ती दिलीत, तर देव तुम्हाला शिक्षा करो. परतीची वाट त्याने स्वतःच्या हाताने बंद करून घेतली. एक विनंती मात्र केली: रेंतेरिया जमैकाहून येईपर्यंत हे गुप्त ठेवा, त्याचं नुकसान व्हायला नको.

रेंतेरियाची गोष्ट वाचताना मी दर वेळी थांबतो. तो शेतीसाठी लागणाऱ्या गोष्टी आणायला जमैकाला गेला होता. ईस्टरआधीच्या उपवासकाळात तिथल्या फ्रान्सिस्कन मठात राहिला, आणि इकडे लास कासास सिराकशी झगडत असताना तिकडे त्यालाही आपल्याकडच्या माणसांची दैना अस्वस्थ करत होती. त्यांच्या मुलांसाठी शाळा काढायची, राजाकडे परवानगी मागायला जायचं, असं त्याने ठरवलं होतं. परत आल्यावर दोघेही मनातलं बोलायला अधीर. रेंतेरियाने आधी सांगितलं, मग लास कासासने. रेंतेरिया म्हणाला, मग तुम्हीच जा, आणि मी जमैकाहून जे आणलं आहे ते विकून वाटखर्चाला घ्या.

१५ ऑगस्ट १५१४, मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण. क्युबातल्या सांक्ती स्पिरितुसमध्ये गव्हर्नरसमोर लास कासासने प्रवचनात सगळं उघड केलं. त्याने आधी स्वतःचं सोडल्याचं सांगितलं, मग समोरच्यांना बजावलं की माणसं परत केल्याशिवाय आणि घेतलेलं भरून दिल्याशिवाय तुमचं तारण नाही. काही जण हेलावले. बाकीचे स्वप्नात असल्यासारखे ऐकत राहिले. इंडियनांना राबवणं पाप आहे हे ऐकणं त्यांना रानातल्या जनावरांना कामाला जुंपू नका म्हटल्यासारखं वाटलं, असं तो लिहितो. त्या दिवशी दुसऱ्या कुणी माणसं सोडल्याचं तो सांगत नाही.

पुढची, मृत्यूपर्यंतची बावन्न वर्षं इथे थोडक्यात उरकतो. १५१५ मध्ये तो मोंतेसिनोसबरोबरच स्पेनला गेला. बिशप फोन्सेकाकडे इंडीजचा कारभार होता. क्युबात तीन महिन्यांत सात हजार मुलं मेली हे सांगितल्यावर फोन्सेका म्हणाला, त्याचं मला काय? लास कासास भडकून म्हणाला, तुम्हाला काही नाही, राजाला काही नाही, मग कुणाला? १५१६ मध्ये तेव्हा स्पेनचा कारभार पाहणाऱ्या कार्डिनल सिस्नेरोसने त्याला इंडियनांचा ‘संरक्षक’ नेमलं. कुमानाच्या (आजच्या व्हेनेझुएलातल्या) किनाऱ्यावरची त्याची वसाहत रक्तपातात बुडाली, तो डॉमिनिकन झाला आणि काही वर्षं गप्प राहिला. एन्कोमिएंदाला आळा घालणाऱ्या १५४२ च्या ‘नव्या कायद्यां’मागे त्याचा आवाज होता. १५५० मध्ये स्पेनमधल्या व्हायादोलिदला, इंडियनांवरची युद्धं न्याय्य ठरवणाऱ्या सेपुल्वेदा या पंडिताशी त्याने वाद केला, तो पुढच्या वर्षीही चालला.

पण मला सांगायचं आहे ते आजच्या मेक्सिकोतल्या चियापासचं. तिथे तो बिशप झाला आणि १५४५ च्या ईस्टरला इंडियन गुलाम बाळगणाऱ्यांना पापक्षमा द्यायची नाही असा हुकूम त्याने काढला. जे एका फादरने कधीतरी त्याला केलं होतं तेच तो आता सबंध धर्मप्रांताला करत होता. गावात दंगा झाला, शस्त्रं घेतलेली माणसं त्याच्या घरात शिरली. त्यानंतर त्याने पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंसाठी बारा नियम लिहिले. मरणाच्या दारात असलेला एन्कोमिएंदावाला पापनिवेदनासाठी बोलावेल, तेव्हा आधी लेखनिक बोलवा. गुलाम आत्ताच मुक्त केले, आणि सगळी मालमत्ता लुबाडलेल्यांना परत देण्याचा अधिकार धर्मगुरूला दिला, असं त्याच्याकडून लिहून घ्या. मग त्याचं पाप ऐका. राजाच्या हुकमावरून त्या नियमांच्या प्रती गोळा करण्यात आल्या. बायबलमधल्या जक्कय या जकातदाराने येशूसमोर, लुबाडलेलं चौपट परत करतो म्हटलं होतं, आणि त्यानंतर येशू म्हणाला, आज या घराला तारण मिळालं. लास कासासने तोच क्रम कागदावर आणला होता, एवढंच.

एक बाजू अजून राहिली आणि ती झाकून ठेवणं या माणसाला आवडलं नसतं. १५१६ पासूनच्या आपल्या अर्जांत, इंडियनांचा भार हलका व्हावा म्हणून बाहेरून गुलाम आणू द्या, असं त्याने सुचवलं. त्यात आफ्रिकन होते. ती प्रथा त्याने सुरू केली नव्हती, आफ्रिकन गुलाम त्याआधीच बेटांवर येत होते. पण त्याचा शब्द त्या पारड्यात पडला, आणि १५१८ मध्ये चार हजारांचा परवाना निघाला. सिराकचं वचन त्याला आधीच लागलेलं होतं, तो आपली माणसं सोडून बसला होता, तरी समोरच्या पानावरचं पाप त्याला दिसलं नाही. पोर्तुगीज आफ्रिकेत माणसं कशी पकडतात हे पुढे कळलं तेव्हा त्याने आपल्या इतिहासग्रंथात स्वतःविरुद्ध लिहिलं. तो ग्रंथ चाळीस वर्षं प्रसिद्ध करू नका असं त्याने बजावलं होतं. छापून यायला १८७५ उजाडलं. आफ्रिकनांना गुलाम करणं इंडियनांना करण्याइतकंच अन्यायाचं होतं, असं तिथे तो म्हणतो. हा धर्मगुरू त्या सल्ल्याबद्दल पस्तावला, आणि आपलं अज्ञान देवाच्या न्यायासनापुढे आपल्याला वाचवेल याची त्याला खात्री नव्हती.